विजेवरच्या जुन्या मोटारीला नवे सेल : किती फायदा, किती जोखीम?

पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारी मोटार थकली, की इंजिन खाली उतरवून 'हाफ'चे काम करून घेण्याचा रिवाज आपल्याकडील गॅरेजना नवा नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीचे दुखणे मात्र वेगळे असते. तिची मोटर, म्हणजे चाके फिरविणारे यंत्र, लाखो किलोमीटर विनातक्रार चालू शकते. म्हातारी होते ती बॅटरी. एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटर जाणारी गाडी सात-आठ वर्षांनी साठ-पासष्टवर येते, आणि एरवी धडधाकट असलेली ही गाडी दारात उभी राहते. अशा गाडीच्या जुन्या खोक्यात अधिक क्षमतेचे नवे सेल बसविता येतील काय, हा प्रश्न भारतात विजेवरच्या मोटारींची पहिली पिढी वयात आल्यापासून अधिकाधिक विचारला जात आहे.

मोटार कारखान्यांची परंपरा असलेल्या नाशिकला तर हा विषय परका नाहीच. सातपूरच्या महिंद्र कारखान्यातून २००७ पासून लोगान ही सेडान बाहेर पडू लागली. तिचेच पुढे व्हेरिटो असे नामकरण झाले, आणि याच व्हेरिटोची विजेवर चालणारी आवृत्ती २०१६ मध्ये बाजारात आली. ७२ व्होल्टची लिथियम बॅटरी आणि एका चार्जिंगमध्ये ११० किलोमीटरचा दावा, असे तिचे स्वरूप होते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता सेवा कंपनीने २०१७ मध्ये सरकारी कार्यालयांसाठी दहा हजार विजेवरच्या मोटारींची निविदा काढली, तेव्हा टाटांच्या टिगोरबरोबर ई-व्हेरिटोचीही निवड झाली होती. त्या काळातील गाड्या आता नेमक्या त्या वयाच्या झाल्या आहेत, ज्या वयात बॅटरीचा प्रश्न टाळता येत नाही.

रेवाचा धडा

या प्रश्नाचा सर्वांत जुना भारतीय अनुभव मात्र रेवाचा आहे. चेतन मैनी यांच्या पुढाकाराने बंगळूरमध्ये तयार झालेली ही इवलीशी मोटार २००१ मध्ये रस्त्यावर आली. २००४ पासून ती 'जी-विझ' या नावाने लंडनच्या रस्त्यांवरही दिसू लागली. दोन मोठी माणसे आणि मागे जेमतेम दोन मुले बसतील एवढी तिची ऐसपैस! पुढील आसनांच्या खाली ६ व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असत. एकूण ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-तास, म्हणजे कागदावर साडेनऊ युनिटच्या आसपास वीज. (किलोवॅट-तास हे एकक अनेकांना अवघड वाटते, पण वीजबिलावरचे एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.)

कागदावरची ही वीज रस्त्यावर पूर्ण मिळत नसे. शिसे-आम्ल बॅटरीची क्षमता साधारणपणे वीस तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशेबाने मोजतात. रेवाची मोटर जोर लावताना १३ किलोवॅटपर्यंत जाई. ४८ व्होल्टवर याचा अर्थ अडीचशे अँपिअरहून अधिक प्रवाह. एवढ्या वेगाने उपसा केला, की शिसे-आम्ल बॅटरीतील बरीच वीज हाती लागतच नाही. शिवाय ती पूर्ण रिकामी करणे म्हणजे तिचे आयुष्य कापणे. त्यामुळे ८० किलोमीटरचा दावा असलेली रेवा व्यवहारात पन्नास-साठीत थांबे आणि काही वर्षांत बॅटऱ्यांचा पूर्ण संच बदलावा लागे.

कंपनीने स्वतःच यावर उत्तर शोधले. जानेवारी २००९ मध्ये तिने लिथियम बॅटरीची रेवा सादर केली. एका चार्जिंगमध्ये १२० किलोमीटर असा तिचा दावा होता. मे २०१० मध्ये महिंद्र समूहाने रेवा कंपनीतील ५५.२ टक्के भागभांडवल घेतले आणि २०१३ मध्ये आलेली ई-टू-ओ ही मोटार आरंभापासूनच लिथियमची होती. परंतु आधी विकल्या गेलेल्या शिसे-आम्लवाल्या गाड्यांचे काय, हा प्रश्न उरलाच. ब्रिटनमधील हौशी मालकांनी त्याचे उत्तर आपल्या गॅरेजमध्ये शोधले. त्यांनी जुन्या संचाच्या जागी लिथियम सेल बसविले.

हे जमले, याचे कारण एका साध्या गणितात आहे. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारच्या सेलचा सरासरी दाब ३.२ व्होल्ट असतो. असे १६ सेल ओळीने जोडले, की ५१.२ व्होल्ट होतात, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ५८.४. शिसे-आम्लचा ४८ व्होल्टचा संच चार्ज होतानाही साधारण ५८ व्होल्टपर्यंतच जातो. म्हणजे मोटर व तिचा नियंत्रक यांना फरक कळू नये, इतका हा दाब जवळचा आहे. २०० अँपिअर-तासांचे १६ सेल घेतले तर १०.२४ युनिट वीज साठते. त्यातील ८० ते ९० टक्के निर्धास्तपणे वापरता येते. वजनाचा फायदा तर डोळ्यांत भरणारा! आठ शिसे-आम्ल बॅटऱ्यांचे वजन अडीचशे किलोच्या घरात जाते, तर तेवढ्याच क्षमतेचा लिथियम संच खोक्यासकट शंभर किलोच्या आसपास बसतो. रेवासारख्या लहान गाडीत दीडशे किलो कमी होणे म्हणजे दोन प्रवासी उतरून जाण्यासारखे आहे.

एकाच मापात अधिक वीज

गेल्या पंधरा वर्षांत सेलच्या रसायनात आणि बांधणीत इतकी सुधारणा झाली, की बाहेरचे माप तेच ठेवून आतली क्षमता वाढविता येऊ लागली. याचे उत्तम उदाहरण बीएमडब्ल्यूच्या आय-थ्री या मोटारीचे. २०१३ मध्ये आलेल्या या गाडीत ६० अँपिअर-तासांचे ९६ सेल होते. बॅटरी साधारण २२ युनिटची. २०१६ मध्ये त्याच आकाराचे ९४ अँपिअर-तासांचे सेल आले आणि बॅटरी ३३ युनिटची झाली. २०१८ च्या अखेरीस १२० अँपिअर-तासांचे सेल येऊन ती ४२ युनिटवर गेली. सेलची संख्या ९६ च, खोके तेच, वीज जवळजवळ दुप्पट! २०१६ मध्ये कंपनीने युरोपातील काही देशांत जुन्या ग्राहकांना ३३ युनिटची बॅटरी बसवून देण्याची सोयही केली होती.

टेस्लानेही २००८ ते २०१२ या काळात विकलेल्या रोडस्टरसाठी २०१५ मध्ये सुमारे ४० टक्के अधिक क्षमतेची बॅटरी देऊ केली. किंमत होती २९ हजार डॉलर. या गाडीच्या मूळ बॅटरीत हाताच्या बोटाएवढे तब्बल ६,८३१ सेल होते. निस्सानच्या लीफची कथा आपल्याला अधिक जवळची वाटावी. २०१० च्या अखेरीस आलेल्या या गाडीच्या २४ युनिटच्या बॅटरीला थंड ठेवण्याची स्वतंत्र व्यवस्था नव्हती. अमेरिकेतील ॲरिझोनासारख्या तप्त प्रदेशात दोन-तीन उन्हाळ्यांतच तिची क्षमता घटू लागली आणि मालकांनी २०१२ मध्ये ओरड केली. पुढे कंपनीने उष्णता अधिक सोसणारे रसायन वापरले आणि २०१४ मध्ये जुन्या ग्राहकांसाठी ५,४९९ डॉलरला, जुनी बॅटरी परत घेऊन, नवी देण्याचे जाहीर केले. खासगी कारागीर याहून पुढे गेले. त्यांनी नव्या लीफची ४० आणि ६२ युनिटची बॅटरी जुन्या गाडीत बसविली आणि गाडीच्या संगणकाला नवी बॅटरी ओळखता यावी म्हणून मध्ये एक दुभाष्या सर्किट जोडले.

या दुभाष्याची गरज का पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. रेवात मोटर, नियंत्रक आणि बॅटरी यांचे नाते बरेचसे सरळ होते. आजच्या मोटारीत बॅटरीच्या पोटातच एक नियंत्रण यंत्रणा बसलेली असते. तिला बीएमएस म्हणतात. प्रत्येक सेलचा दाब मोजणे, तापमानावर नजर ठेवणे, कोणता सेल भरला आणि कोणता मागे पडला ते पाहणे, धोका दिसताच जोडणी तोडणे ही तिची कामे. ती गाडीच्या संगणकाशी सतत संदेशांची देवाणघेवाण करते. सेल बदलले पण या यंत्रणेला त्याची वर्दी दिली नाही, तर ती जुन्याच क्षमतेचा हिशेब करीत राहते. वीज शिल्लक असताना काटा शून्यावर येतो किंवा त्याच्या उलट घडते, आणि उलट घडणे अधिक वाईट.

चुका कोठे होतात

सेल बदलण्याच्या कामात सर्वांत जास्त घोटाळा होतो तो काटकसरीपायी. बॅटरीतील शंभरांपैकी दहा-बारा सेल खराब निघाले, की तेवढेच बदलून टाकण्याचा मोह होतो. पण ओळीने जोडलेल्या सेलचा कारभार बैलजोडीसारखा असतो. एक बैल कितीही ताजा असला तरी चाल ठरते ती थकलेल्या बैलाची. सर्वांत कमजोर सेल रिकामा झाला, की यंत्रणा संपूर्ण बॅटरी थांबविते. जुन्यांच्या ओळीत अधिक क्षमतेचे नवे सेल घातले, तर त्यांची जादा क्षमता वाया जाते. बदलायचे तर सगळे एकदम, एकाच खेपेतील, क्षमता आणि अंतर्गत रोध मोजून जुळविलेले. दुरुस्तीपुरते सेल बदलायचेच असतील, तर नव्यांऐवजी उरलेल्यांच्या क्षमतेला जुळणारे वापरलेले सेल अधिक योग्य ठरतात, हे ऐकायला चमत्कारिक वाटले तरी खरे आहे.

दुसरी चूक रसायनाची. लोह-फॉस्फेट सेल पूर्ण भरल्यावर ३.६५ व्होल्टवर थांबतो, तर निकेल-मँगेनीज-कोबाल्टवाला ४.२ वर. एकाच्या जागी दुसरा बसवून चार्जर तोच ठेवला, तर एक तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही किंवा भरण्याची मर्यादा ओलांडली जाते. शिसे-आम्लसाठी बनविलेल्या चार्जरमध्ये अधूनमधून जादा दाब देऊन सर्व बॅटऱ्या समान पातळीवर आणण्याचा टप्पा असतो. तो लिथियमला घातक आहे. म्हणूनच जुन्या रेवासारख्या गाडीत नुसते सेल बदलून भागत नाही. चार्जर, फ्यूज, संपर्क तोडणारा स्विच आणि विजेचा काटा हे सारेच नव्याने लावावे लागते.

तिसरी गोष्ट अलीकडची. सौरऊर्जेच्या साठवणुकीसाठी बनविलेले २८० आणि ३१४ अँपिअर-तासांचे मोठे चौकोनी सेल बाजारात सहज मिळू लागले आहेत. २८० अँपिअर-तासांचे १६ सेल म्हणजे १४ युनिटहून अधिक वीज, वजन जेमतेम ९० किलो! जुन्या ४८ व्होल्टच्या गाडीच्या मालकाला याची भुरळ पडणारच. पण हे सेल एका जागी बसून सावकाश वीज देण्यासाठी घडविलेले असतात. खड्ड्यांचे हादरे, चढावर अचानक लागणारा मोठा प्रवाह आणि ब्रेक दाबताच उलट येणारा प्रवाह यांसाठी त्यांची निवड करताना उत्पादकाने छापलेला कमाल प्रवाहाचा आकडा पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. बाजारात दुय्यम प्रतीचे सेल प्रथम प्रतीचे म्हणून विकले जातात, हेही ध्यानात ठेवावे.

नाशिकचे ऊन, निफाडची थंडी, कसाऱ्याचा चढ

बॅटरीच्या आयुष्याचा हवामानाशी थेट संबंध आहे. लिथियम सेलला माणसाला मानवते तेच तापमान मानवते. २० ते ३० अंशांत तो सुखाने राहतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीवर गेलेला असताना पूर्ण भरलेली गाडी दिवसभर उन्हात उभी करणे, हा तिला म्हातारी करण्याचा हमखास मार्ग. उलट, लोह-फॉस्फेट सेल शून्य अंशाखाली चार्ज केल्यास आत लिथियमचा थर साचून कायमचे नुकसान होते. महाराष्ट्रात ही चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत चार-पाच अंशांवर आणि क्वचित त्याहूनही खाली येतो. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या नव्या बीएमएसमध्ये कमी तापमानाला चार्जिंग रोखण्याची सोय असणे तिथे चैनीची बाब ठरत नाही.

कसारा घाटाविषयी मात्र लोकांच्या मनात वाजवीपेक्षा जास्त धास्ती आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचावर आहे. प्रवाशांसह दीड टनाच्या मोटारीला मुंबईहून एवढी उंची गाठण्यास लागणारी वीज अडीच युनिटहूनही कमी भरते. यंत्रातील गळती धरली तरी तीन युनिटच्या आत. ३० युनिटच्या बॅटरीतून हा वाटा फार नाही. अडचण आहे ती अंतराची. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटांच्या पहिल्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटची. चाचणीतील तिचा आकडा ३१२ किलोमीटरचा असला, तरी महामार्गावर प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास मिळतात. बॅटरीची क्षमता ३० टक्क्यांनी घटली, की हे १४० वर येते आणि मुंबई-नाशिकचे सुमारे १७० किलोमीटर एका चार्जिंगमध्ये पार होत नाहीत. त्याच गाडीने नाशिकहून त्र्यंबकेश्वर किंवा सिन्नरला जाऊन येणारा मालक मात्र आणखी कित्येक वर्षे बॅटरीला हात न लावता राहू शकतो. बॅटरी बदलण्याचा निर्णय तिच्या वयापेक्षा रोजच्या फेरीवर ठरवावा, तो यासाठीच.

क्षमता किती उरली, हे घरीही साधारण कळू शकते. गाडी शक्य तेवढी रिकामी करावी, चार्जिंगच्या जोडणीवर लहान सबमीटर लावावा आणि पूर्ण भरेपर्यंत किती युनिट लागली ते पाहावे. चार्जरमध्ये दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते. तेवढी वजा केली, की उरलेला आकडा बॅटरीचा. नवी असतानाच्या क्षमतेशी तो ताडून पाहावा. ७० टक्क्यांच्या वर असेल तर घाई नको.

आरटीओ, विमा आणि आग

तांत्रिकदृष्ट्या जमणारी प्रत्येक गोष्ट कायद्याला मान्य असते असे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. पेट्रोल-डिझेलच्या गाडीला विजेवर आणण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्याची वाट कायद्याने ठेवली आहे. अशा संचांची पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत चाचणी होते आणि बदलानंतर चौदा दिवसांत आरटीओला कळवावे लागते. मूळचीच विजेवर असलेली गाडी घेऊन तिच्यात अधिक क्षमतेचे सेल भरणाऱ्याची वाट मात्र इतकी सरळ नाही. उत्पादकाने किंवा त्याच्या अधिकृत केंद्राने त्याच जातीची बॅटरी बदलून दिली तर प्रश्न येत नाही. खासगी गॅरेजात क्षमता वाढविली, तर आधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांचीही लेखी संमती असावी. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्यास पुरेसे कारण ठरू शकतो.

वॉरंटीचेही तसेच. अनेक उत्पादक बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी देतात. २०२० मध्ये विकल्या गेलेल्या गाड्यांची ती मुदत २०२८ मध्ये पूर्ण होते. तोपर्यंत खोके उघडणे म्हणजे हक्क आपल्या हाताने सोडणे. शिवाय रेवाचे ४८ व्होल्ट आणि नेक्सॉनसारख्या गाडीचे तीनशेहून अधिक व्होल्ट यांत जीवघेणा फरक आहे. या दाबाचा एकदिश प्रवाह माणसाला दुसरी संधी देत नाही. हे काम प्रशिक्षित हातांचे, रबरी हातमोजे आणि विद्युतरोधक हत्यारे घालूनच करावयाचे.

आगीचा धोका नाशिककरांनी जवळून पाहिला आहे. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकच्या एका कंपनीतून बंगळूरकडे निघालेल्या कंटेनरमधील विजेवरच्या ४० स्कूटरपैकी २० जळाल्या. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. त्याच वर्षी वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा बळी गेला. या मालिकेनंतर केंद्राने बॅटरी सुरक्षेची मानके कडक केली. ती डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. सेलची चाचणी, बीएमएसचे संरक्षण आणि एका सेलची उष्णता शेजाऱ्याकडे पसरू न देण्याची व्यवस्था यांवर त्यांत भर आहे. गॅरेजात हाताने जुळविलेल्या बॅटरीला यांपैकी कोणत्याही चाचणीचा शिक्का नसतो. लोह-फॉस्फेट सेल इतरांच्या तुलनेत शांत प्रकृतीचे असतात हे खरे, पण सैल नटबोल्ट आणि बारीक तार यांना रसायनाचे काही सोयरसुतक नसते. इमारतीच्या तळमजल्यावर, पार्किंगमध्ये अशी गाडी चार्ज होत असेल तर धोका एकट्या मालकाचा राहत नाही.

खर्चाचा मेळ

लिथियम बॅटरीची जागतिक सरासरी किंमत २०१० मध्ये युनिटमागे हजार डॉलरहून अधिक होती; २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आल्याची नोंद ब्लूमबर्गच्या ऊर्जा संशोधन विभागाने केली आहे. एकेकाळी गाडीच्या किमतीहून महाग वाटणारे हे काम त्यामुळे आवाक्यात येत चालले आहे. मात्र ही किंमत कारखान्यांच्या घाऊक खरेदीची. किरकोळ ग्राहकाच्या वाट्याला आयातदाराचा नफा, बीएमएस, खोके आणि मजुरी येते. त्यातही कराची एक गंमत आहे. विजेवरची संपूर्ण मोटार घेतली तर १ ऑगस्ट २०१९ पासून तिच्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. तीच बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के. एक लाखाच्या बॅटरीवर १८ हजारांचा कर भरून जुनी गाडी वाचविणाऱ्यापेक्षा नवी गाडी घेणाऱ्याला सरकार झुकते माप देते, असा याचा अर्थ होतो.

काढलेल्या बॅटरीचे काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. शिसे-आम्ल बॅटरीला भंगारवाला आनंदाने पैसे मोजतो. लिथियमला तसा भाव नाही. उलट ती भंगारात चिरडली गेली तर पेट घेऊ शकते. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेऊन पुनर्वापरास देण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ६०-७० टक्के क्षमता उरलेले सेल सौर पॅनेलच्या जोडीला घरगुती साठवणुकीत आणखी काही वर्षे काढतात. त्यासाठीही प्रत्येक सेल वेगळा तपासून घ्यावा लागतो. फुगलेला एखादा सेल आढळला, तर तो घरात ठेवू नये आणि नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे सोपवावा.